चौल आणि रेवदंडा

अलिबागेहून दक्षिणेस सुमारें १७ किलोमीटरांवर, कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथें रेवदंडा गांव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारी वाट पोर्तुगीज तटबंदींतून गांवांत शिरते. जवळच चौल. आज दोन्ही गांवें एकमेकांस लागून आहेत. परंतु सोळाव्या शतकांत त्यांच्यामध्यें दोन राज्यांची सीमा होती. वरचें चौल अहमदनगरच्या निजामशहाचें, खालचें पोर्तुगीजांचें.

चौलची कीर्ति त्याहून जुनी. इ. स. ९१५ च्या सुमारास मसूदी हा अरब प्रवासी येथें आला, तेव्हां शिलाहार राजा झंझ याच्या आश्रयास बसरा, बगदाद, ओमान येथील मुसलमान व्यापारी सुखानें नांदत होते. पुढें १५२१ सालीं बुऱ्हाण निजामशहानें पोर्तुगीजांस रेवदंड्यास कोट बांधूं दिला. परक्यास आपल्या दारीं कोट कां बांधूं द्यावा? कारण उघड आहे. होर्मुझचे घोडे आणि तांबें येथें उतरून घाट चढत. देशावरचें कापड व धान्य घाट उतरून गलबतांत भरलें जाई. धर्म निराळा, भाषा निराळी, विश्वासहि बेताचाच. पण गरज दोघांचीहि होती.

तरी तंटा झालाच. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहानें रेवदंड्यास वेढा घातला. कित्येक महिने तोफा चालल्या. कोट पडला नाहीं. १५७१ मध्यें तह होऊन व्यापार पुन्हां सुरू झाला. दोन बिऱ्हाडांचा आड एक असला म्हणजे भांडणासहि मर्यादा पडते, तसेंच हें. मात्र अशा भांडणांत राजाचा मान जातो, विणकराची भाकरी जाते, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. पुढें मुंबईचा उदय झाला, चौलचे कांहीं विणकर तिकडे गेले. १७४० मध्यें रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले, तोंवर चौलचें वैभव ओसरलें होतें.

रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईस गेल्यावांचून आम्हांस परतवेना. तेथील ख्रिस्ती कुटुंबें आजहि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणांतून झालेली आपली बोली घरांत बोलतात. तट ढासळले, जकातीचीं नाकीं गेलीं. शेजारधर्मानें घडलेली भाषा तेवढी टिकली. याच रायगड जिल्ह्यांत न्हावा-शेवा येथें १९८९ पासून मोठें बंदर चालू आहे आणि देशोदेशींचा माल तेथें उतरतो. त्या बंदराच्या भरभराटीकडे पाहतांना चौलची आठवण ठेवावी: बंदर समुद्रावर वसतें खरें, पण जगतें तें शेजाऱ्यांशीं केलेल्या करारावर.