जवारी

आई धुळ्याहून जळगावला आली तेव्हा आमच्याकडे वाद पेटला होता. चिरंजीवांना इलेक्ट्रिक गिटारीचे पिकअप बदलायचे होते. आवाज बद्द येतो म्हणे! पैसे माझ्या शिकवणीचे.

आई म्हणाली, "माझ्या मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज बसला, तेव्हा नवा घेतला का गं? घोडीची जवारी काढली, लागला बोलायला."

मग लेकाने नीट माहिती काढली. पिकअप म्हणजे चुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. चुंबक पोलादी तारांच्या फार जवळ असला, की त्यांना ओढतो नि सूर बिघडतो. स्क्रू फिरवून त्याने पिकअप जरासे खाली घेतले. आवाज मोकळा झाला, पैसेही वाचले.

बाबा गेल्यापासून आईचा तंबोरा गवसणीतच होता. जाताना म्हणाली, "आता घरी गेल्यावर काढीन म्हणते."