तालमीचा हिशेब

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या, तेव्हा मी महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात शिक्षणाचे काम पाहत होतो. पुढील वर्षअखेरीस एका शाळेची नस्ती समोर आली. स्नेहसंमेलन झाले नाही, नाटक बसले नाही; सबब संगीत-नाट्याची तरतूद समर्पित करावी व संगीतशिक्षकाचे मानधन थांबवावे, अशी टिपणी होती. नियमाच्या दृष्टीने ती निर्दोष होती.

चौकशी करता कळले की शिक्षक रोज शिकवीतच होते. इंटरनेटवर आवाज क्षणभर मागे राहतो, त्यामुळे समूहगान जमत नसे. म्हणून ते एकेका मुलाला फोनवरून गाणे शिकवीत. नाटकातील मुले आपापले संवाद घरीच ध्वनिमुद्रित करून पाठवीत.

मी शेऱ्यात दोन आधार नोंदवले. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कलांना अभ्यासक्रमाबाहेरचे मानत नाही. आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्राचा ‘कला उत्सव’ही ऑनलाइनच झाला होता. मानधन चालू राहिले.

काटकसरीची पहिली कात्री कलेवर चालते, कारण आपल्या नोंदवहीत प्रयोगाला रकाना असतो, तालमीला नसतो. परप्रांतात गणेशोत्सवासाठी महिनाभर नाटक बसवणाऱ्या वाचकांना या रकान्याची किंमत ठाऊक आहेच.