पुढचा नंबर कोणाचा

2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात विमानं ढग शोधत फिरत होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा कृत्रिम पावसाचा प्रयोग चालू होता. केगावच्या सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याचं जमिनीवरचं ठाणं होतं, तिथेच रडार बसवलेलं. दोन हंगामांत मिळून 276 ढग अभ्यासले गेले. निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले: बीजारोपण केलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सुमारे 18 टक्क्यांनी वाढला. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यासाठी हा आकडा लहान नाही.

विमानाचे फोटो वर्तमानपत्रांत आले. ढग कुठे आणि केव्हा तयार होईल, हे सांगणाऱ्या गणिताचा फोटो काढता येत नाही. ते गणित संगणकांच्या मोठ्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर चालतं. त्याच पुण्याच्या संस्थेत जानेवारी 2018 मध्ये ‘प्रत्यूष’ सुरू झाला, 4 पेटाफ्लॉप क्षमतेचा. म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी. जूनपासून देशाचा 12 किलोमीटर जाळीचा अंदाज त्यावर निघू लागला. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच प्रारूप 21 वेळा चालवायचं आणि निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहायचे, अशी ती पद्धत. हे ठरल्या वेळेत झालंच पाहिजे, कारण कालचा अंदाज आज कोणाच्या कामाचा नाही. पण अशा यंत्रावर मान्सूनवर संशोधन करणाऱ्यांचीही कामं ताटकळत असतात. त्यांतलं पुढचं कोणतं, किती नोडवर (म्हणजे समूहातल्या किती संगणकांवर), किती वेळ, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला शेड्यूलर म्हणतात. क्लस्टर सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस यंत्रांपेक्षा या शेड्यूलरबरोबरच जास्त जातो.

क्लस्टर ही चीज मुळात गरजेतून आली. 1994 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 486 जातीचे 16 साधे संगणक इथरनेटने जोडले, त्यावर लिनक्स घातलं आणि त्याला ‘बेओवुल्फ’ नाव दिलं. महासंगणक विकत घेणं ज्यांच्या आवाक्यात नव्हतं, त्या जगभरच्या विद्यापीठांना यातून वाट सापडली. त्याआधीच, 1988 मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘कॉन्डॉर’ चालू झालं होतं. लोक टेबलावरून उठून गेले की रिकाम्या पडलेल्या संगणकांवर दुसऱ्याची कामं चालवायची आणि मालक परतला की जागा सोडायची, ही त्याची रीत. आजही ते ‘एचटीकॉन्डॉर’ या नावाने मोफत मिळतं.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या अम्नोन बराक यांच्या ‘मोझिक्स’ने तर वेगळीच झेप घेतली. चालू असलेलं काम एका यंत्रावर जड झालं, तर ते आपणहून उठून दुसऱ्या यंत्रावर जाई. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे. 2002 मध्ये त्याची खुली आवृत्ती ‘ओपनमोझिक्स’ आली. तिच्यावर प्रेम करणारे पुष्कळ होते. पण एकाच चिपमध्ये अनेक गाभे (कोअर) मावू लागले, अशा जोडणीची निकड कमी झाली आणि 2008 मध्ये तो प्रकल्प बंद झाला. कल्पना देखणी होती यात शंका नाही. टिकला मात्र दुसरा, साधा मार्ग: काय हवं ते आधी सांगा, रांगेत उभे राहा, पाळी आली की यंत्रं पूर्णपणे तुमची.

या मार्गावरचं आजचं सर्वांत परिचित नाव ‘स्लर्म’. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ते घडलं, 2002 मध्ये बाहेर आलं, आणि जीपीएल परवान्यामुळे कोणालाही ते घेता, वाचता, बदलता येतं. बनारसच्या आयआयटीतला ‘परम शिवाय’ आणि पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ ही सी-डॅकने उभारलेली यंत्रं त्यावरच चालतात. जे सॉफ्टवेअर राष्ट्रीय महासंगणकावर आहे, तेच जसंच्या तसं सोलापूरच्या एखाद्या प्रयोगशाळेतल्या आठ जुन्या संगणकांवरही घालता येतं, एक रुपया न देता. या क्षेत्रातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

हे मोल पैशांपुरतं नाही. सोलापूरच्या जुन्या पिढीला गिरणीतला जॉबर आठवत असेल. बदली कामगारांपैकी आज कोणाला साच्यावर उभं करायचं, हे त्याच्या शब्दावर ठरे. जॉबर कामगारांकडून दस्तुरी घेतात, हे 1931 मध्ये कामगारविषयक रॉयल कमिशनने आपल्या अहवालातच लिहून ठेवलं. शेड्यूलरही हेच काम करतो, पण त्याचे नियम साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले असतात. आपलं काम मागे का पडलं, असं कोणी विचारलं तर सांभाळणाऱ्याने खांदे उडवायचं कारण नाही. ‘एसप्रायो’ ही आज्ञा दिली की प्रत्येक कामाचे गुण पडद्यावर उलगडतात: इतके वाट पाहण्याचे, इतके वाट्याचे, इतके कामाच्या आकाराचे.

त्यातले वाट्याचे गुण हा या कारागिरीचा गाभा. एखाद्या गटाने नुकतंच यंत्र भरपूर वापरलं असेल, तर त्याची पुढची कामं खाली सरकतात. पण ही शिक्षा कायमची नसते. जुना वापर हळूहळू विसरला जातो. स्लर्ममध्ये मुळात ठेवलेला अर्धायुकाळ 7 दिवसांचा आहे. म्हणजे आठवड्यापूर्वीचा वापर आज निम्माच मोजला जातो. हा काळ किती ठेवायचा, हे कोणत्याही पुस्तकात नाही. प्रबंधाच्या मुदती कधी येतात, कोणता विभाग वर्षभर थोडं थोडं वापरतो आणि कोणता महिनाभर झोडपतो, हे पाहून ठरवावं लागतं. माणसं ओळखल्याशिवाय हा आकडा बसत नाही.

दुसरी गोष्ट फटी भरण्याची. समजा 12 नोड आहेत. त्यांतल्या 8 नोडवरचं काम संपायला 3 तास आहेत आणि रांगेत पहिला असलेल्याला सगळे 12 हवे आहेत. उरलेले 4 नोड तोवर नुसते तापत बसणार. अशा वेळी मागून कोणी 4 नोड, 2 तास एवढंच मागितलं असेल, तर शेड्यूलर त्याला आत घेतो. पहिल्याचा एक मिनिटही जात नाही. याला बॅकफिल म्हणतात. पण हे सगळं उभं आहे ते मागणाऱ्याने सांगितलेल्या वेळेवर. काम दोन तासांचं आणि मागणी दोन दिवसांची, ही सवय सगळीकडे आहे, आणि तिचा तोटा आधी मागणाऱ्यालाच होतो. विद्यार्थ्याला शेजारी बसवून त्याच्याच मागच्या कामांना खरोखर किती वेळ लागला, ते ‘एसअॅक्ट’ या आज्ञेच्या यादीत दाखवलं, की पुढच्या वेळी तो नेमकं मागतो. कोणत्याही सूचनाफलकापेक्षा हे जास्त लागू पडतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात या कामाला आणखी एक बाजू येते. पारा चाळीसच्या वर, त्यात वीज गेली आणि यूपीएस दमला, की नोड एकामागून एक मान टाकतात. वीज परत आल्यावर यंत्रं सुरू होतात, पण ‘एसइन्फो’ ही आज्ञा त्यांच्यापुढे ‘डाउन’ असंच दाखवत राहते. कारण म्हणून लिहिलेलं असतं, नोड अनपेक्षितपणे पुन्हा सुरू झाला. मुळातल्या मांडणीत स्लर्म अशा यंत्रावर आपणहून विश्वास ठेवत नाही. कोणीतरी डिस्क तपासायची, मेमरी पाहायची, घड्याळ जुळतंय ना बघायचं आणि मग हाताने ‘रिझ्यूम’ द्यायचा. घड्याळाची बाब वरवर क्षुल्लक वाटते. पण नोडांची आपसांतली ओळख ‘मुंज’ या छोट्या सॉफ्टवेअरवर चालते आणि त्याचं ओळखपत्र मुळात 5 मिनिटंच वैध असतं. एखाद्या जुन्या मदरबोर्डची बॅटरी संपून घड्याळ मागे पडलं, की धडधाकट नोडही परका ठरतो.

यंत्र मोठं झालं म्हणून रांग संपत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्यात 11.77 पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ आला आणि मे 2025 मध्ये अंदाजाची जाळी 12 वरून 6 किलोमीटरवर आली. जाळी निम्मी केली की बिंदू चौपट होतात आणि गणिताची पावलंही लहान घ्यावी लागतात. नवी ताकद नव्या कामाने लगेच भरते.

सोलापूरच्या महाविद्यालयांत दर काही वर्षांनी प्रयोगशाळेतले संगणक बदलले जातात आणि जुने भंगारात निघतात. या वर्षी त्यांतले आठ बाजूला काढावेत, एक स्विच घ्यावा, लिनक्स आणि स्लर्म घालावं, आणि वाटपाचे नियम विद्यार्थ्यांनाच लिहू द्यावेत. जिल्ह्याच्या पावसाची आकडेवारी चालवून पाहायला तेवढी यंत्रं पुरेशी आहेत.