मेणाचा मोगरा

सकाळी माळलेल्या मोगऱ्याच्या गजऱ्याला संध्याकाळपर्यंत तपकिरी कडा येतात, हे तुम्हांला सांगायला नको. खऱ्या फुलाच्या बाबतीत आपण ते गृहीतच धरतो. मेणाचे फूल मात्र आहे तसे राहावे, अशी आपली अपेक्षा असते. किंबहुना त्यासाठीच ते मेणाचे केलेले असते. माझीही तीच अपेक्षा होती आणि तिच्यापायी मी एका बाईवर अन्याय केला.

मी घरीच मेणाची फुले करते. वात नसलेली, नुसती डबीत ठेवायची. एका लग्नासाठी दोनशे डब्यांची मागणी आली. प्रत्येक डबीत पाच मोगरे. रंग शुभ्र, वास मोगऱ्याचा, पण 'जरा गोडसर' हवा, असे वधूच्या आईने बजावले होते. मी व्हॅनिला मिसळलेले मोगऱ्याचे सुगंधी तेल आणले. काम मोठे होते, म्हणून शेजारच्या वहिनी मदतीला येऊ लागल्या. आमचे स्टीलचे भांडे अपुरे पडले, तेव्हा त्यांनी एके दिवशी घरून पितळी पातेले आणले आणि त्यात मेण वितळवले. फुले झाली, डब्या बंद झाल्या, खोक्यांत रचल्या गेल्या.

लग्नाला आठ दिवस उरले असताना मी एक डबी सहज उघडली. सायीवर चहा सांडावा तसा रंग फुलांवर आला होता. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच.

मला त्या क्षणी आठवले ते पितळी पातेले. मी आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाले, "वहिनी, निदान भांडे तरी विचारून आणायचे होते." त्या काही बोलल्या नाहीत. पातेले उचलून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मी आगाऊ घेतलेली रक्कम परत केली. ते नुकसान वर्षभरात भरून निघाले.

आता तुम्ही माझ्या जागी असता, तर काय तपासले असते? कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या स्वयंपाकघरातले जुने ज्ञान आहे. मेणाला घट्टपणा आणि शुभ्रपणा यावा म्हणून आम्ही त्यात स्टिअरिक ॲसिड घालतो. तेही नावाप्रमाणे आम्लच. पितळेतल्या तांब्याशी त्याचा संयोग झाला तर मेणाला झाक येते. पण ती झाक हिरवट असते, तपकिरी नव्हे. दुसरे असे, की पातेले येण्यापूर्वी मी एकटीने केलेली फुलेही त्याच खोक्यांत होती आणि तीही तितकीच काळवंडली होती. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी पाहिल्या नाहीत, कारण मला दोषी आधीच सापडला होता.

खरा दोषी तेलाच्या बाटलीत होता. व्हॅनिलाच्या गोड वासामागे व्हॅनिलिन नावाचे द्रव्य असते. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते सूचिपर्णी झाडांतल्या एका द्रव्यापासून प्रथम तयार केले. पुढे कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातूनही ते काढले जाऊ लागले, कारण लाकडातील लिग्निनपासून ते मिळते. जुन्या पुस्तकांना जो किंचित गोडसर वास येतो, त्याचे एक मूळ या लिग्निनच्या विघटनात आहे. स्वस्त कागद पिवळा पडतो तोही त्याच्याचमुळे. म्हणजे कागदाच्या बाबतीतही वास आणि पिवळेपणा एकाच घरातून येतात. मेणात मिसळलेल्या व्हॅनिलिनचा हवेशी संबंध आला की ते हळूहळू तपकिरी होते. ऊन आणि उष्णता ही क्रिया वाढवतात. पण डबी अंधारात ठेवल्याने ती थांबत नाही. माझी खोकी माळ्यावर, अंधारातच होती.

मग व्हॅनिला वगळून नुसता मोगरा घ्यावा, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटले होते. परंतु मोगऱ्याच्या अर्कातच इंडोल असते आणि तेही काळाबरोबर रंग बदलते. त्यात मिथाइल अँथ्रानिलेटही असते. सुगंधी मिश्रणातल्या अल्डिहाइड वर्गाच्या द्रव्यांशी त्याचा संयोग झाला की पिवळा-नारिंगी रंग उतरतो. ज्या फुलाला आपण शुभ्रतेची उपमा देतो, त्याचा वासच शुभ्रतेला बाधक निघावा, हे मला बरेच दिवस पटले नव्हते.

तेव्हापासून मी तेल घेताना विक्रेत्याला व्हॅनिलिनचे प्रमाण विचारते. उत्तर मिळाले नाही तर ते तेल पांढऱ्या कामाला घेत नाही. मेण थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवते, कारण अति तापलेले मेण कोणत्याही वासाविना पिवळे पडते. सुगंध शेवटी, आचेवरून उतरवल्यावर घालते. अतिनील किरण शोषणारी पूड बाजारात मिळते. ती उन्हाने येणारा पिवळेपणा कमी करते, व्हॅनिलिनला मात्र आवरत नाही. टिटॅनियम डायऑक्साइडने मेण अधिक पांढरे दिसते, पण ते झाकणे झाले. फुलावर बिनवासाच्या मेणाचा थर चढवूनही पाहिला. काही आठवड्यांनी आतला रंग बाहेर झिरपलाच. या सर्व उपायांपेक्षा मला उपयोगी पडली ती वही. प्रत्येक नव्या तेलाची तीन फुले करायची. एक खिडकीत, एक कपाटात, एक बंद डबीत. त्यांवर तारीख टाकायची आणि दोन महिने कोणतीही मागणी स्वीकारायची नाही. धंद्याच्या दृष्टीने हे दोन महिने फार जड जातात.

वहीत पहिल्या तीन नोंदी झाल्यावर मी वहिनींकडे गेले. चूक माझी होती, हे सांगितले आणि बाटलीची हकीकतही सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ताई, त्या पातेल्याला मी आदल्याच महिन्यात कल्हई लावून घेतली होती. आत वाकून पाहिलं असतं तर दिसली असती." मला उत्तर सुचले नाही. निघताना मात्र त्यांनीच विचारले, "वास फुलातच कशाला हवा? पानात घाला की."

आता माझ्या डबीत पाकळ्या बिनवासाच्या असतात. त्यांच्याखाली, मध्ये पातळ कागद घालून, गडद हिरव्या मेणाचे एक पान ठेवलेले असते आणि सगळा वास त्या पानात असतो. महिन्या-दोन महिन्यांनी पान काळपट होते. गिऱ्हाइकांना ते खऱ्या पानासारखेच वाटते. वहिनी माझ्याकडे पुन्हा कामाला आल्या नाहीत. त्या स्वतःच फुले करतात, साचे माझ्याकडून नेतात आणि मेण त्याच पातेल्यात वितळवतात.