साहेबाचं गवत आणि साठ वर्षांचं यंत्र

इंग्लंडमध्ये घर घेतलं की दोन गोष्टी न मागता पदरात पडतात. एक कर्ज आणि दुसरी हिरवळ. कर्जाचं कसं, ते महिन्यातून एकदाच आठवण करून देतं. हिरवळ मात्र एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला दारात उभी असते. रात्री पाऊस, दिवसा कोवळं ऊन, की गवत वाढलंच. आणि वाढलेलं गवत हा इथे केवळ गवताचा प्रश्न नसतो. गल्लीतल्या लोकांचं तुमच्याबद्दलचं मत त्यावर ठरतं!

आपल्याकडे गवत कापायचं ते म्हशीसाठी. विळा घ्यायचा, भारा बांधायचा, डोक्यावर घेऊन घरी यायचं. कापून फेकून देण्यासाठी गवत वाढवायचं, त्याला खत घालायचं आणि पुन्हा कापायचं, ही कल्पना माझ्या आजीला सांगितली असती तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

पण मंडळी, हे गवत कापायचं यंत्र कसं जन्माला आलं याची गोष्ट मोठी सुरस आहे. ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. तिथल्या खोऱ्यात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणून आलेल्या लोकरी कापडावर लव उभी राहते. ती एकसारखी कापायला गिरणीत एक यंत्र असे. त्यात एका फिरत्या रुळावर मळसूत्रासारखी वळणदार पाती आणि खाली एक स्थिर पातं. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या कारागिराच्या डोक्यात आलं, की जे कापडावरची लव कापतं ते जमिनीवरची लव का नाही कापणार? 1830 साली त्याने पेटंट घेतलं. लोक हसतील म्हणून तो रात्री अंधारात यंत्र चालवून बघायचा असं सांगतात. स्क्रू फिरवून लहानमोठा करता येणाऱ्या पान्याचं श्रेयही त्यालाच देतात. म्हणजे यंत्रही त्याचं आणि ते दुरुस्त करायचा पानाही त्याचाच!

पुढे मोठी यंत्रं घोड्यांनी ओढायला सुरुवात झाली. खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत. 1902 साली इप्सविचच्या रॅन्समने पेट्रोलवर चालणारं यंत्र बाजारात आणलं. 1921 मध्ये बर्मिंगहॅमहून ॲटको आलं आणि मोटारीचं यंत्र साध्या घरांच्या बागेत शिरलं. आपल्याकडच्या जुन्या बागांत एक माळी ढकलतोय आणि दुसरा दोरीने ओढतोय असं जे यंत्र तुम्ही पाहिलं असेल, ते ह्याच घराण्यातलं, फक्त इंजिनाविना.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. वय ब्याऐंशी. कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस. इथल्या रीतीप्रमाणे ते मला आणि मी त्यांना नावानेच हाक मारायचो, पण मराठीत लिहायला बसलं की हात आपोआप 'आजोबा' लिहितो, त्याला इलाज नाही. 2023 च्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकायला काढलं. लेकीकडे, दूर किनाऱ्यालगतच्या गावी जायचं ठरलं होतं. मागच्या अंगणातली लाकडी शेड रिकामी करायची होती आणि तिच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, एक हिरवं यंत्र होतं. सफोक पंच, चौदा इंची, साठच्या दशकातलं. सफोक पंच ही मुळात तांबूस रंगाच्या, दणकट, शेतकामाच्या घोड्यांची जात. स्टोमार्केटच्या ओतकाम कारखान्याने तेच नाव आपल्या यंत्राला दिलं.

हे यंत्र त्यांनी लग्नानंतर पहिल्या घरासाठी घेतलेलं. बायको गेली, त्यानंतर दहा-अकरा वर्षं ते सुरूच केलेलं नव्हतं. शिवाय आता त्यांचे हात थरथरायचे. सुरू करायची दोरी ओढणं त्यांना शक्य नव्हतं. लेकीने भंगारात द्यायचं ठरवलं होतं. मी त्यांना सांगितलं, की साउथपोर्टला चक्क गवत कापायच्या यंत्रांचं संग्रहालय आहे, तिथे विचारू का? आजोबा म्हणाले, "संग्रहालयात ठेवतात ते मेलेलं असतं. हे चालायला पाहिजे. मी जायच्या आत एकदा चालू दे, मग काय करायचं ते करा."

हाताशी सहा आठवडे होते.

माझी डॉक्टरेट घर्षण आणि झीज या विषयातली. या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नावही इंग्लंडमध्येच, 1966 सालच्या एका सरकारी अहवालात मिळालं. त्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की काय होतं यावर मी तासभर बोलू शकतो. पण आजोबांचा प्रश्न साधा होता: "पाने आहेत का तुझ्याकडे?" माझ्याकडचे पाने मिलिमीटरचे. यंत्राचे बोल्ट जुन्या इंची मापाचे. मग त्यांनी आपली पेटी उघडली. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं जे प्रमाण मांडलं, त्या मापाचे पाने. गंमत अशी, की या पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. आपल्याकडचे जुने फिटर 'तीन सुती', 'चार सुती' म्हणतात ना, तोच हिशेब. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. आजोबांना मी 'सूत' हा शब्द शिकवला. त्यांना तो भलताच आवडला. पुढचे सहा आठवडे ते पाना मागताना "तीन सूत" असंच म्हणत होते!

बंद पडलेल्या इंजिनाला तीनच गोष्टी विचारायच्या असतात. दाब आहे का? ठिणगी आहे का? पेट्रोल पोचतंय का? ज्यांनी घरची स्कूटर आडवी करकरून चालू केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आधी दाब. प्लग काढून भोकातून थोडं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. इतकी वर्षं कोरडं पडलेलं इंजिन एकदम ओढलं तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडतात. दुसऱ्या दिवशी हळूहळू फिरवून पाहिलं. फिरलं. भोकावर अंगठा धरला तर तो ढकलला जात होता. म्हणजे दाब शाबूत. तळातलं जुनं तेल डांबरासारखं झालं होतं, ते काढून नवीन भरलं.

मग ठिणगी. या यंत्राला बॅटरी नसते. चाकात बसवलेलं लोहचुंबक कॉइलसमोरून जातं, त्याने कॉइलमध्ये वीज वाहू लागते, आणि नेमक्या क्षणी 'पॉइंट' नावाचे दोन छोटे संपर्क उघडून तो प्रवाह तोडतात. प्रवाह जितका झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार. तो झटकन तुटावा आणि पॉइंटवरच ठिणग्या उडत राहू नयेत म्हणून शेजारी एक कंडेन्सर असतो. प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. ठिणगीचा पत्ता नाही. चाक उतरवलं. पॉइंटवर राखाडी साय धरली होती. एवढ्या पातळ थरानेही वीज अडते. बारीक पॉलिश पेपरने ते घासले, मग कोरा कागद मध्ये धरून ओढला, म्हणजे धूळ राहत नाही. फटीचं माप फीलर गेजने लावलं. साधारण अर्ध्या मिलिमीटरची ही फट, पण ती चुकली तर ठिणगी अवेळी पडते. कंडेन्सर मात्र कामातून गेला होता. नवीन टपालाने मागवला. त्या संध्याकाळी शेडमध्ये दिवा घालवून दोरी ओढली, आणि प्लगच्या टोकाला निळी ठिणगी चमकली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची जरा पुढे ओढून बसले.

उरलं पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल उडून जाऊन मागे राळेसारखा चिकट थर उरला होता आणि कार्ब्युरेटरचं केसाएवढं भोक बुजलं होतं. ते सुईने कधी कोरू नये, भोक मोठं होतं आणि इंधनाचं प्रमाण कायमचं बिघडतं. द्रावणात भिजवून हवेच्या झोताने मोकळं केलं. नव्या पेट्रोलचीही एक मेख आहे. 2021 च्या सप्टेंबरपासून इथल्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या नळ्या, वॉशर खातं. म्हणून नळी नवीन घातली आणि पेट्रोल पाच टक्क्यांवालं, महागातलं आणलं.

चौथ्या आठवड्यात, एका रविवारी, चोक ओढला आणि दोरी खेचली. सातव्या खेपेला इंजिन खोकलं. नवव्या खेपेला सुरू झालं. आधी घातलेलं तेल जळून निळ्या धुराचा लोट उठला, शेजारणीने धुवून वाळत घातलेले कपडे धावत जाऊन काढले. मी आनंदाने ओरडलो. आजोबांनी हात वर करून मला गप्प केलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. "चोक आत ढकल. अजून थोडा. आता स्क्रू पाव फेरा बाहेर." तसं केल्यावर आवाज एकसुरी झाला. माझ्या प्रयोगशाळेत हेच काम करायला लाखो रुपयांची उपकरणं आहेत.

मला वाटलं, जिंकलो. पण आजोबांच्या लेखी अजून काहीच झालं नव्हतं. इंजिन म्हणजे बैल, नांगर अजून बाकी होता.

आजकालच्या बहुतेक यंत्रांत एक आडवं पातं पंख्यासारखं गरागरा फिरतं आणि गवत फटक्याने तोडतं. पात्याला धार नसली तर गवताची टोकं फाटतात आणि दोन दिवसांत तपकिरी होतात. रुळाचं यंत्र मात्र कात्रीसारखं कापतं. फिरतं पातं वरून येतं, खाली स्थिर पातं असतं, मध्ये गवत सापडतं. विम्बल्डनचं गवत स्पर्धेच्या वेळी 8 मिलिमीटर ठेवतात, तेही अशाच जातीच्या यंत्रांनी. पण कात्रीचा खिळा सैल झाला तर ती चावते, कापत नाही. आणि घट्ट झाला तर स्वतःलाच खाते. सगळी मेख त्या दोन पात्यांच्या भेटीत आहे. माझा विषय तो हाच!

प्लगची वायर काढून ठेवली, पात्यांजवळ हात नेण्याआधी हे करायचंच. साखळी उतरवली. मोटारवाले व्हॉल्व्ह बसवताना वापरतात ती घासायची पेस्ट पात्यांच्या कडांना फासली आणि रूळ उलट्या दिशेने फिरवत राहिलो. उलटा अशासाठी, की मग पाती कापत नाहीत, एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाची होतात. मग पेस्टचा कणन्‌कण धुवून काढला. परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीची. पट्टी पात्यांत धरायची, रूळ हाताने फिरवायचा. ती डावीकडून उजवीकडे सगळीकडे स्वच्छ कापली गेली पाहिजे.

उजव्या टोकाला कागद नुसता दुमडत होता. दोन संध्याकाळी मी मापं घेत होतो. शेवटी आजोबा उठले. थरथरत्या हाताने त्यांनी रूळ फिरवला आणि कान जवळ नेला. "ऐक. डावीकडे सळसळ आहे, उजवीकडे नाही. तो स्क्रू एक खाच." मी खाच फिरवली. "अजून अर्धी." त्यांनी पुन्हा फिरवला. या वेळी रेशमी साडी घडी घालताना येतो तसा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आला. कागद कापला गेला. त्या हातांची थरथर मला इतके दिवस दिसत होती. त्या हातांखाली साठ वर्षांचा कान आहे, हे त्या दिवशी कळलं. हे माप कुठल्या पुस्तकात नाही, आणि शेड रिकामी झाल्यावर ते कुठे राहिलं असतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

ते गेले त्याच्या चार दिवस आधी आम्ही त्यांची हिरवळ कापली. यंत्राच्या मागच्या रुळामुळे गवत एका बाजूला झोपतं. आपल्यापासून दूर झोपलेलं फिकट दिसतं, आपल्याकडे झुकलेलं गडद. म्हणून ते प्रसिद्ध पट्टे. पहिले दोन पट्टे मी काढले. तिसऱ्याला आजोबांनी दांडा धरला. धरलेल्या दांड्यावर हात थरथरले नाहीत, की यंत्राच्या थरथरीत ते दिसले नाहीत, कोण जाणे. कुंपणापाशी यंत्र वळवून ते थांबले आणि घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. लेक आतून बघत होती. भंगारवाल्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

यंत्र आता माझ्या शेडमध्ये आहे, आणि सोबत व्हिटवर्थच्या पान्यांची पेटी. बायकोचं म्हणणं, साध्या विजेच्या यंत्राने हेच काम अर्ध्या वेळात होतं. खरंय. पण आजोबांचा वसंत ऋतूत फोन येतो. तब्येत, हवा, मुलं हे सगळं झालं की ते विचारतात, "उजवी बाजू कशी आहे?" मग मी फोन घेऊन शेडमध्ये जातो, प्लगची वायर काढतो आणि त्यांना ऐकू जाईल असा रूळ फिरवतो. मागच्या खेपेला म्हणाले, "अर्धी खाच."

बरोबर होतं.