बोटांच्या नखांना अनावृत पत्र

प्रिय नखांनो,



इकडे भंडाऱ्यात लग्नसराई जोरात आहे. मेहंदीच्या आधी नखं लावून घ्यायला नवऱ्या मुली येतात, आता त्यांच्या आयाही हात पुढे करतात. खुर्चीत बसल्या की प्रश्न ठरलेला, "ताई, अ‍ॅक्रिलिक बरं की जेल? माझं नख तर खराब नाही ना होणार?" त्यांना मी रोज सांगतेच. आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी तक्रार. तुम्ही दुखणं वेळेवर सांगत नाही. फाइल जास्त फिरली तरी गप्प. महिन्याला वाढता जेमतेम तीन मिलिमीटर. पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने. तोवर जुनी इजा दिसत राहते आणि बोल लागतो जेलला. खरं घडतं ते असं: कडेनं सुटलेलं जेल बाई टीव्ही बघता बघता ओढून काढते, त्यासोबत तुमचा वरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघतो, आणि मग मावशी सगळीकडे सांगते की जेलनं पोरीची नखं खाल्ली.

तुमचे आभारही मानायचे आहेत. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर पऱ्हे लावणाऱ्या बायांची बोटं मी लहानपणापासून बघत आले. पाण्यानं पांढरी पडलेली, नखांच्या कडा दुखऱ्या. त्याच बाया दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला निघताना लाल नेलपॉलिश लावायच्या. एवढं सोसून तुम्ही त्या हौसेला उभे राहिलात. त्या हातांना नटायचा पहिला हक्क आहे, असं मी मानते. फक्त रोवणी आटोपल्यावर या आणि लांबी कमी ठेवा, एवढंच त्यांना सांगते.

आता अ‍ॅक्रिलिक आणि जेल या दोघांविषयी. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पावडर आणि द्रव. दोन्ही एकत्र आले की हवेतच कडक होतात, दिवा लागत नाही. वास उग्र. आजीच्या दातांची कवळी ज्या प्लास्टिकची, त्याच घराण्यातलं हे. मजबूत आहे, पण ताठ. जोराचा धक्का बसला तर खालच्या नखालाही ओढ बसते. जेल दिव्याच्या अतिनील प्रकाशात घट्ट होतं, थोडं लवचिक राहतं, म्हणून धुणी-भांडी करणाऱ्या हाताला मी तेच सुचवते. दिव्याची धास्ती वाटत असेल तर आधी सनस्क्रीन लावावं किंवा बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे घालावेत. स्वस्तातल्या द्रवापासून मात्र दूर राहा. मिथिल मेथाक्रायलेट असलेल्या द्रवाच्या तक्रारींवरून अमेरिकेत १९७०च्या दशकातच कारवाई झाली होती. चांगल्या द्रवात इथिल मेथाक्रायलेट असतं. बाटलीवरचं नाव वाचायला मागणं हा गिऱ्हाइकाचा अधिकार आहे.

"नखाला श्वास घेता येईल ना?" असंही विचारतात. तुम्हाला श्वास लागतच नाही. तुमचं पोषण खालच्या रक्तातून होतं. दर दोन-तीन महिन्यांनी थोडी विश्रांती मी देते, ती तुमची तब्येत नीट बघता यावी म्हणून.

एक विनंती. दिव्याखाली चटका बसला की बोटाला लगेच हात मागे घ्यायला लावा. कडेला खाज किंवा पुरळ आलं तर बाईला थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. कच्चं जेल कातडीला लागून होणारी ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. आणि कुठे हिरवट डाग दिसला, तर त्यावर नवा थर चढवू देऊ नका.

तुमच्या मालकिणींनाही सांगा. अ‍ॅक्रिलिक असो वा साधं जेल, उतरवायला अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस, वरून फॉइल आणि पंधरा-वीस मिनिटांचा धीर लागतो. कडक प्रकारचं जेल मात्र विरघळत नाही, ते जपून घासावंच लागतं. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ नको. घाई असली तरी ओढू नका, सरळ पार्लरला या. काढून देईन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
भंडाऱ्याची पार्लरवाली ताई