ऊनोदरी

"आपण मद्य घेता का?" सोनोग्राफीचा अहवाल चाळीत डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मला रागच आला. जन्मात मद्याला स्पर्श नाही, रात्रिभोजन नाही, कंदमुळे नाहीत. आणि यकृतात चरबी?

माझे वजन ८८ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाचा घेर ९० च्या आत असावा, असे सांगून ते म्हणाले, "मद्यावाचूनही यकृत मेदाने भरते. साखर, मैदा, तळण आणि बैठे काम एवढे पुरे होते. पोटातील चरबीमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. यकृत रक्तात अधिक चरबी सोडते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. अशा रुग्णांचा घात यकृतापेक्षा हृदयविकारानेच अधिक होतो."

वडील ५८ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. मी ५६ वर्षांचा.

घरी परतताना पारण्याचा तुपाळ शिरा आठवला, सूर्यास्ताच्या घाईत भरलेले ताट आठवले. काय खाऊ नये, हे मी कटाक्षाने पाळले. किती खावे, हे विसरलो. बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरीच सांगितली आहे. उपवासांची गणना ठेवणाऱ्या मला ती कधी तप वाटलीच नाही!

आता दोन घासांची भूक राखून उठतो, पहाटे तासभर चालतो. दहा महिन्यांत आठ किलो वजन उतरले, यकृतातील चरबीही घटली. पंगतीत आग्रह करणाऱ्यांना हात जोडून 'पुरे' म्हणणे मात्र अजून शिकतो आहे.